जास्तीचं पान

१

बटण दाबून धरायचं, तीस मोजायचे, सोडायचं. बॅटरी काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. चार्जरची पिन जरा फिरवून बघायची. भिंतीतलं सॉकेट बदलायचं. शुक्रवारी सकाळपासून स्वरदाने हे सगळं चार वेळा केलं होतं, आणि चारही वेळा लॅपटॉपने कोपऱ्यात तेच दाखवलं होतं: प्लग्ड इन, नॉट चार्जिंग. वायर लावलेली कळतेय, पण घेणार नाही.

प्रेम नगरातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात असा एक हट्टी आधीपासून होताच. तो वेताच्या खुर्चीत बसून तिची धडपड बघत होता.

"तरी मी सांगत होतो," नीलकंठराव म्हणाले.

"बाबा, आत्ता नको."

"उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचं नसतं. तुझी आई असती तर तिने हात लावू दिला नसता."

"आई असती तर तिने मला आधी नवा लॅपटॉप घेऊन दिला असता."

आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि लॅपटॉप तेव्हाही जुनाच होता. दिल्लीच्या कुठल्याशा ऑफिसातून बाद होऊन आलेला.

काल दसरा झाला. झाशीत पिढ्यान् पिढ्या काढलेल्या या घरात मराठी आता घरापुरतीच उरली होती, पण दसऱ्याची पूजा शाबूत होती. पाटीवर एक-एकच्या आकड्यांची सरस्वती, भोवती पुस्तकं, आईचं शिवणयंत्र, बाबांचा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला पावत्यांना भोकं पाडायचा जुना पंच, आणि मधोमध स्वरदाचा लॅपटॉप. सगळ्यांवर झेंडूची फुलं, हळदकुंकू, अक्षता. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा करून पाट जरासा हलवायचा, मगच वस्तू वापरायला घ्यायच्या. तोवर हात लावायचा नाही.

स्वरदा पूजेला उभी होती ती एका पायावर. "आटपा ना बाबा लवकर, मला काम आहे." दर दोन मिनिटांनी तेच. त्या घाईत नीलकंठरावांनी पोथीची दोन पानं ओढून सोडवली. गणपतीत तूप सांडून ती पानं चिकटली होती. त्यांनी लॅपटॉपवर तळहात टेकवला, डोळे मिटून दहा-बारा ओळी खणखणीत म्हटल्या, आणि मग चष्मा वर करून पोथीकडे बघतच राहिले.

"अगं, गडबड झाली. एक पान जास्तीचं वाचलं गेलं. हे गणपतीचं होतं. प्राणप्रतिष्ठेचं."

"लॅपटॉपमध्ये प्राण? बरंच झालं की. त्याला गरज होतीच."

आणि दुपारी दोन वाजता, बाबांचा डोळा लागलेला बघून, तिने तो पाटावरून उचलला होता.

आता ती टॉर्च लावून चार्जिंगच्या भोकात बघत होती. आत काहीतरी लालसर होतं. सेफ्टीपिनने तिने ते टोकरून काढलं. कुंकवात माखलेला तांदळाचा दाणा.

"हे बघा! हे तुमचं पुण्यकर्म!" तिने दाणा त्यांच्या नाकासमोर धरला. "इथे अडकून बसला होता."

नीलकंठराव ओशाळले. दाणा त्यांनी तळहातावर घेतला आणि देवापाशी नेऊन ठेवला.

स्वरदाने विजयी मुद्रेने पिन लावली. प्लग्ड इन, नॉट चार्जिंग. चार टक्के.

बेतवेच्या पाण्यातल्या क्षारांवरचा तिचा प्रबंध त्या डब्यात होता. आठ महिने स्कूटीवरून बबीन्यापासून मोठ गावापर्यंत उन्हातान्हात हिंडून भरलेल्या बाटल्या, त्यांची कोष्टकं, शेवटची दोन प्रकरणं. पेन ड्राइव्हवर होती ती ऑगस्टमधली प्रत. घरचं नेट दसऱ्याच्या मांडववाल्यांनी तार तोडल्यापासून बंद. सोमवारी दुपारी बाराच्या आत प्रबंध पुण्याला पोचला तर संशोधनाची जागा तिची. नाहीतर अजून एक वर्ष झाशी, हे घर, ही वेताची खुर्ची.

ती पेन ड्राइव्ह शोधायला आतल्या खोलीत धावली. परत आली तेव्हा पडदा काळा झाला होता.

२

सीपरी बाजारात जिन्याखालच्या खोपट्यात कुशवाहा भैयांचं दुकान होतं. शनिवारी सकाळी त्यांनी कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि स्क्रू काढायला घेतले.

"चार्जर तो ठीक है बिटिया. पूरे उन्नीस वोल्ट." मग त्यांनी मीटरच्या दोन सुया बॅटरीला लावल्या. काटा जागचा हलला नाही. "और ई बैटरी में तो कछू नइयाँ. कब की मर चुकी."

"पर कल तक चल रहा था, भैया."

"कल तक?" त्यांनी भिंगातून तिच्याकडे पाहिलं. त्यांचा एक डोळा बशीएवढा दिसत होता. "ये साल भर से मरी पड़ी होगी."

स्वरदाने हुज्जत घातली नाही. मीटर जुना असेल. ती म्हणाली, मग डिस्क काढून द्या, माझी एकच फाइल हवी आहे. भैयांनी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. डिस्क फिरली, पण उघडली नाही. कंपनीचा माल, कंपनीचं कुलूप. याच मशीनमध्ये उघडेल, दुसऱ्यात नाही. आणि हे मशीन चालू करायचं तर बोर्डावरचा चार्जिंगचा पुर्जा बदलायला हवा. पुर्जा कानपूरहून येणार.

"कब तक?"

"दिवाली बाद."

"मुझे परसों बारह बजे तक चाहिए!"

"तो परसों बारह बजे तक कानपुर यहाँ ले आओ," भैया शांतपणे म्हणाले आणि स्क्रू परत बसवू लागले. शेवटचा स्क्रू आवळून त्यांनी झाकणावर हात ठेवला. हात लगेच उचलला. मग पुन्हा ठेवला, या वेळी उलटा, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"धूप में रखी थी?"

"नहीं. बैग में थी. कल से बंद है."

"तो गरम काए है?"

स्वरदाने हात लावला. लॅपटॉप कोमट होता. तापलेल्या यंत्राचा एका जागी चटका बसतो, इथे तसं नव्हतं. खालून वरून सगळीकडे सारखीच ऊब होती. दुकान तापलंय, तिने मनाशी म्हटलं. ऑक्टोबर आहे. पत्र्याचं दार आहे. तिने तो पिशवीत घातला आणि घरी येईपर्यंत पिशवी अंगापासून जरा लांब धरली.

३

घरी आल्यावर तिने पिशवी बाबांच्या खुर्चीशेजारी टाकली आणि आत जाऊन गार पोळी-भाजी उभ्यानेच खाल्ली. बाहेर रेल्वेच्या यार्डात इंजिनं इकडून तिकडे जात होती. त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज तिला ऐकू आला. बारीक, फिरता. लॅपटॉपच्या पंख्याचा.

ती ताट तसंच टाकून बाहेर आली. नीलकंठरावांनी लॅपटॉप मांडीवर घेतला होता आणि खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाने झाकणावरचं कुंकू पुसत होते. डावा तळहात झाकणावर टेकलेला. कडेचा छोटा दिवा पेटला होता.

"बाबा! काय केलंत?"

"काही नाही गं. डाग पुसत होतो. आपणच लावलेलं, म्हटलं आपणच..."

तिने झाकण उघडलं. वायर नाही, काही नाही. नऊ टक्के.

तिने तो हिसकावून घेतला आणि आतल्या टेबलापाशी पळाली, जिथे पेन ड्राइव्ह होता. सहा. चार. मशीन अजून चिन्हं मांडतच होतं. दोन. बंद. ती बाहेर आली, बाबांच्या मांडीवर ठेवला, त्यांचा हात धरून झाकणावर ठेवला. दहा मिनिटांनी पुन्हा सात. पुन्हा आत, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच.

आता स्वरदा काही पोथ्या वाचून वाढलेली मुलगी नव्हती. ती विचार करायला बसली. बोर्ड वाकला असणार. कुठेतरी सुटलेला सांधा हाताच्या दाबाने जुळत असणार, मरता मरता बॅटरीत उरलेलं काहीतरी वर येत असणार. तिने लॅपटॉपवर दोन जाड शब्दकोश ठेवले. काही नाही. स्वतःचा तळहात ठेवला, जोर देऊन. काही नाही. आईची इस्त्री ठेवली. काही नाही. बाबांनी नुसता हात टेकवला आणि दिवा लागला.

तिला हसूच आलं. "बाबा, तुम्ही तर पॉवर बँक निघालात!"

नीलकंठरावांनाही हसू आलं. कितीतरी दिवसांत तिने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. "बघ, म्हातारा कामाला येतो की नाही? बसतो मी. माझं काय, बसायचंच तर आहे."

चार वाजता तिने चहा आणला. नोकरीत असोत, आजारी असोत, आईला पोचवून आलेल्या दिवशीसुद्धा त्यांनी चारचा चहा चुकवला नव्हता.

"नको गं," ते म्हणाले. "हात मोकळा नाही."

उजवा हात मोकळाच होता. तो खुर्चीच्या हातावर पडला होता, तळवा वर करून.

४

रविवारी तिने डोकं लढवलं. लॅपटॉप हलवायचाच नाही. पेन ड्राइव्ह आधीच खोचून ठेवायचा, आणि सगळं बाबांच्या मांडीवरच उरकायचं. सकाळी नऊला नीलकंठराव खुर्चीत बसले, तिने लॅपटॉप दिला, हात ठेवला. मशीन सुरू झालं, आणि निळ्या पडद्यावर अक्षरं उमटली: अपडेट चालू आहेत. तीन टक्के पूर्ण. कृपया मशीन बंद करू नका.

"आत्ता?" स्वरदा किंचाळली. "आत्ता सुचलं याला?"

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही हलू नका. हात काढू नका. मध्येच बंद पडलं तर सगळं जाईल."

"मी कुठे हलतोय," नीलकंठराव म्हणाले.

दहाला अकरा टक्के. साडेअकराला एकोणीस. ग्वाल्हेरहून प्रमोदिनी आत्याचा फोन आला. रविवारी सकाळी भावाशी बोलणं हा तिचा नेम होता. स्वरदाने स्पीकर लावून फोन बाबांसमोर धरला.

"काय रे दादा, सोनं लुटलंस की नाही?"

"लुटलं."

"काय? स्वरू, फोन जवळ धर गं त्याच्या. फार लांबून बोलतोय."

स्वरदाने फोन जवळ नेला. तो आधीच त्यांच्या ओठांपासून चार बोटांवर होता.

"लुटलं म्हटलं," ते म्हणाले.

"अजून लांब गेला! अगं, तो बाहेर उभा आहे का? आत बोलाव त्याला."

"रेंज नाही आत्या, नंतर करते," म्हणत स्वरदाने फोन ठेवला. खोलीत एकदम शांतता झाली. रविवारी यार्डही झोपलेलं असतं. फक्त लॅपटॉपचा पंखा चालला होता. तिला उगाचच वाटलं की हा आवाज सरळ नाही. चढतो, थांबतो, उतरतो. मग एक जागा रिकामी. मग पुन्हा चढतो.

धूळ अडकली असेल पात्यांत, तिने मनाशी म्हटलं. आणि तरीही घड्याळ बघून मोजलं. मिनिटाला चौदा.

मग तिची नजर बाबांच्या सदऱ्याच्या छातीवरच्या खिशावर गेली. त्यात चष्म्याचं घर होतं. खिडकीतलं ऊन त्याच्या धातूच्या कडेवर पडून समोरच्या भिंतीवर एक कवडसा उमटला होता. कवडसा जागच्या जागी होता. हलत नव्हता. मुळीच नाही.

"बाबा?"

"हं?"

"बरं वाटतंय ना?"

"छान वाटतंय," नीलकंठराव म्हणाले. "हलकं वाटतंय."

तिने त्यांच्या हाताला हात लावला. बाहेर पस्तीस डिग्री होती. हात थंडीच्या दिवसांत पहाटे विहिरीवरून आणलेल्या घागरीसारखा गार होता. त्याच्याखालचा लॅपटॉप मात्र उबदार होता. कालच्यापेक्षाही.

पडद्यावर एकतीस टक्के झाले होते. कृपया मशीन बंद करू नका.

स्वरदाने लॅपटॉपच्या दोन्ही कडा धरल्या. उचलावा? उचलला तर आठ महिने गेले. आणि उचलायचा कशासाठी? म्हाताऱ्या माणसाचा हात गार आहे म्हणून? म्हाताऱ्यांचे हात गारच असतात. रक्तदाबाची गोळी घेतली नसेल. कुणाला सांगायला गेलं तर लोक हसतील, आणि सगळ्यात आधी ती स्वतः हसेल.

तिने कपाटातून आईची शाल काढली आणि बाबांच्या गुडघ्यांवर नीट पांघरली. लॅपटॉप तिने उचलला नाही.

संध्याकाळी आठला ते हळूच म्हणाले, "आता जरा आडवा होऊ का?"

"थोडंच राहिलंय बाबा. चौऱ्याहत्तर झालेत."

"बरं," ते म्हणाले.

५

सोमवारी सकाळी दिवाणावर ती दचकून जागी झाली तेव्हा ऊन पार देवापर्यंत आलं होतं. नीलकंठराव काल होते तसेच बसले होते. निळा पडदा गेला होता. मशीन पासवर्ड मागत होतं.

तिने त्यांच्या मांडीवर वाकूनच पासवर्ड टाकला. तेवीस टक्के. फाइल उघडली, शेवटची दोन प्रकरणं, कोष्टकं, सगळं जागच्या जागी. तिने ती पेन ड्राइव्हवर उतरवायला लावली. जुनं मशीन, कुंथत कुंथत चाललं. दहा चाळीसला काम झालं. कोपऱ्यावरचा सायबर कॅफे पाच मिनिटांवर. बाराला अजून तासापेक्षा जास्त वेळ होता. सुटली! ती मोठ्याने हसली.

"झालं बाबा! झालं! काढा हात."

त्यांचा हात तिनेच उचलून बाजूला ठेवला, लॅपटॉप त्याच खोलीतल्या छोट्या टेबलावर नेला. या वेळी आकडे गडगडले नाहीत. तेवीस तेवीसच राहिले. मागून बाबांचा आवाज आला, अगदी नेहमीचा, स्वच्छ. "चहा टाक आता. फक्कड. आलं घाल, वेलदोडा—"

स्वरदाच्या जिवात जीव आला. आपण काय काय मनात आणलं होतं! उगाच! "टाकते," म्हणत तिने सवयीने झाकण मिटलं.

आवाज थांबला.

वाक्य अर्ध्यात तुटलं होतं. ती वळली. नीलकंठरावांचं तोंड 'वेलदोडा'वर उघडं राहिलं होतं. डोळे मिटलेले. खोलीत कसलाच आवाज नव्हता, पंख्याचासुद्धा.

"बाबा?"

काही नाही.

तिने जाऊन खांदा हलवला. खांदा हलला, आणि तिने सोडला तिथेच राहिला. ती टेबलाकडे परत आली. आपण असं का करतोय हे तिने स्वतःला विचारलं नाही. तिने झाकण उघडलं. पंख्याने एक लांब श्वास आत घेतला.

"—नको," नीलकंठराव म्हणाले. "वेलदोड्याने पित्त होतं."

झाकणाची कड तिच्या दोन बोटांत होती. काहीही होत नाहीये. योगायोग आहे. हे सिद्ध करायला एक क्षण पुरे. तिने बाबांच्या चेहऱ्याकडे बघत बघत झाकण खाली आणायला सुरुवात केली, अगदी सावकाश. अर्ध्यावर आली.

बाबांच्या पापण्याही अर्ध्यावर आल्या होत्या.

त्या अर्ध्या डोळ्यांनी ते तिच्याकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता, काही विचारायचंही नव्हतं. तिने झाकण सताड उघडलं आणि त्याच्यामागे पुस्तकांची चळत लावली, ते पडू नये म्हणून.

बावीस टक्के.

६

मग तिने घरातलं प्रत्येक सॉकेट करून पाहिलं. स्वयंपाकघरातलं, मिक्सरचं. न्हाणीघराबाहेरचं. इन्व्हर्टरचं. पिन लावायची, फिरवायची, दाबून धरायची. प्लग्ड इन, नॉट चार्जिंग. वीस. सतरा. वरच्या कल्याणी काकूंकडून त्यांच्या मुलाचा चार्जर मागून आणला. तो बसलाच नाही. लॅपटॉप परत बाबांच्या मांडीवर ठेवला, हात ठेवला, दोन्ही हात ठेवले. आकडा वर गेला नाही. त्यांच्याकडून जेवढं यायचं तेवढं येऊन गेलं होतं.

तिने कुशवाहा भैयांना फोन लावला.

"भैया, वो पुर्जा... कहीं से भी... आज..."

"बताया तो था, बिटिया. दिवाली बाद."

"तब तक नहीं चलेगा!"

"पुराना लैपटॉप है," भैया समजुतीच्या सुरात म्हणाले. "कितना चलाओगी?"

तेरा.

"स्वरू," नीलकंठराव म्हणाले. आवाज पुन्हा लांबून येऊ लागला होता. "उत्तरपूजा राहिली गं."

हे तिला का सुचलं नव्हतं? ती धावत देवापाशी गेली, अक्षतांची वाटी आणली, त्यांच्या चिमटीत चार दाणे दिले. "म्हणा बाबा. तुम्हाला येतं ना? म्हणा लवकर, आटपा!"

त्यांनी हात उचलला. पहिला शब्द म्हटला, आणि पडद्यावर तेराचे अकरा झाले. दुसऱ्या शब्दाला नऊ. त्यांची मान छातीवर उतरू लागली, शांतपणे, जणू त्यांना ठाऊकच होतं काय होणार ते. चिमूट सुटायला आली.

स्वरदाने झडप घालून त्यांच्या बोटांतल्या अक्षता ओरबाडून घेतल्या. वाटी फरशीवर पालथी झाली. तांदूळ चहूकडे उधळले.

"अगं, राहू दे की," ते म्हणाले. "पाठवायचं असतं एकदा."

"गप्प बसा! तुम्ही गप्प बसा हो बाबा!"

आठ.

७

पोथी कोनाड्यात होती. चिकटलेली दोन पानं दसऱ्याला सुटली होती आणि अजून एकमेकांपासून वेगळीच होती. तुपाचा डाग पारदर्शक झाला होता. मागची अक्षरं पुढच्या अक्षरांतून दिसत होती. स्वरदाला संस्कृत येत नव्हतं. शाळेत होतं, पण तिने फ्रेंच घेतलं होतं, बाबांशी भांडून.

तिने छोट्या टेबलावर परत ठेवलेल्या लॅपटॉपवर, तळव्याला ऊब लागेल असा, डावा हात टेकवला. उजव्या हाताने पान धरलं. आणि ज्या ओळींवर तिने चार दिवसांपूर्वी विनोद केला होता त्या ती वाचू लागली. अडखळत, जोडाक्षरांवर ठेचकाळत. सात. एक ओळ चुकली, ती परत म्हटली. सहा. तिचा आवाज चिरकला. बाबा खुर्चीतून तिच्याकडे बघत होते. एका ठिकाणी त्यांनी ओठांनीच उच्चार सुधारून दिला. पाच.

शेवटची ओळ संपली.

पाच.

ती श्वास रोखून बघत राहिली. पंखाही थांबला. तिने श्वास सोडला, आणि पंखा चालू लागला. तळहातातून काहीतरी निघालं, अगदी बारीक. विहिरीत सोडलेला दोर ओला होऊन जड होतो आणि हातातून हळूहळू सरकायला लागतो, तसं. दुखत नव्हतं. उलट हलकं वाटत होतं.

सहा.

नीलकंठराव खुर्चीत सावरून बसले. त्यांच्या गालांवर रंग येत होता. खिशातल्या चष्म्याच्या घराचा कवडसा भिंतीवर वरखाली होऊ लागला.

स्वरदाने हात उचलून पाहिला, केसभर. पाच. तिने तो लगेच टेकवला.

घड्याळात अकरा पंचावन्न झाले होते. पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्या कडेला तसाच खोचलेला होता, आत सगळं घेऊन. आतल्या खोलीत तिचा फोन वाजू लागला. पुण्याचा असणार. ऑफिसातल्या शिल्पा मॅडमनी सांगितलं होतं, बाराला पाच मिनिटं असताना आठवण करते म्हणून. दारापर्यंत सहा पावलं, फोनपर्यंत दहा. तो वाजत राहिला. थांबला. पुन्हा वाजला. मग वाजला नाही.

तिचा हात कोपरापर्यंत गार पडला होता.

"कसलं ऊन पडलंय गं छान," नीलकंठराव म्हणाले. त्यांचा आवाज आता जवळचा होता, अगदी कानाशी. "बस ना जरा अशी माझ्यापाशी. का तुला कुठे जायची घाई आहे?"

स्वरदाने पडद्याकडे पाहिलं. सात.

"नाही, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच फार लांबून ऐकू आला.